खेलो भारत नीती आपल्या गावच्या मैदानापर्यंत कशी पोचेल? (सातारा-सांगलीकरांसाठी धागा)

माणगंगा

राम राम मंडळी.

१ जुलै २०२५ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं 'खेलो भारत नीती' मंजूर केली. याआधीचं राष्ट्रीय क्रीडा धोरण २००१ चं, त्याआधीचं १९८४ चं. नव्या नीतीचे पाच खांब सांगितलेत. जागतिक पातळीवर यश, खेळातून अर्थकारण, खेळातून सामाजिक विकास, खेळ ही लोकचळवळ, आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० शी सांगड. मला यातला लोकचळवळीचा खांब सगळ्यात मोलाचा वाटतो. चर्चा मात्र पहिल्यावरच होते. २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला, मग २०३६ चं ऑलिंपिक आपल्याला मिळणार का, एवढ्यावरच चॅनलवाले थांबतात.

आपल्या दोन जिल्ह्यांकडं बघा. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, दहावी आली. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकला तिरंदाजीत उतरला. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ ला बर्लिनमध्ये तिरंदाजीत जगज्जेती झाली तेव्हा सतरा वर्षांची होती. सांगलीच्या संकेत सरगरनं २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुलमध्ये वेटलिफ्टिंगच्या ५५ किलो गटात रौप्य घेतलं. आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारीनं पॅरिस पॅरालिंपिकला १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्य आणलं. यातले माण, आटपाडी हे तालुके पिण्याच्या पाण्याला टँकरची वाट बघणाऱ्या पट्ट्यातले. तिथल्या पोरांत दम आहे हे आता कुणाला सिद्ध करून दाखवायची गरज उरलेली नाही.

मग अडतंय कुठं? माझं निरीक्षण असं की इमारत बांधायला सरकारकडं लेखाशीर्ष (खर्चाचा रकाना) असतं. संध्याकाळी पाच ते सात मैदानावर उभं राहून पोरांना धावायला लावणाऱ्या माणसाच्या मानधनाला नसतं. आमच्या भागातल्या एका क्रीडा संकुलात मी परवा जाऊन आलो. हॉल चांगला आहे, लाकडी फ्लोअरिंग आहे. दाराला कुलूप. चावी ज्यांच्याकडं ते आठवड्यातून एकदा तालुक्याला येतात. बाहेरच्या ट्रॅकवर चिलार उगवलंय आणि पोरं डांबरी रस्त्याच्या कडेनं पळतात, ऊसाच्या ट्रॅक्टरला बाजू देत देत.

प्रवीण जाधवचं उदाहरण मी नेहमी देतो. त्याला जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकांनी हेरलं आणि पुढं तो क्रीडा प्रबोधिनीत गेला. म्हणजे आधी माणूस भेटला, मग सरकारी यंत्रणा भेटली. हा क्रम उलटा करून चालत नाही. राष्ट्रीय धोरणातून गावाला एक गोष्ट मिळावी असं मला विचारलं तर मी सांगीन, मैदानावर रोज येणारा, मानधन मिळणारा एक माणूस द्या.

तुमच्या गावात काय परिस्थिती आहे ते लिहा. जमलं तर यातून ग्रामसभेत मांडता येईल असं काहीतरी काढू.

कराडकर_वकील

चांगला धागा. थोडी कायद्याची बाजू मांडतो, म्हणजे दिल्लीकडून काय मागायचं आणि मुंबईकडून काय, हे स्पष्ट होईल.

खेळ हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीत आहे, ३३ व्या नोंदीत. केंद्र धोरण आखतं, योजना काढतं, पैसे देतं. पण गावातलं मैदान राखणं हे केंद्राचं काम घटनेनंच ठेवलेलं नाही. म्हणून 'खेलो इंडिया'सारख्या योजनेत राज्यानं प्रस्ताव पाठवावा लागतो, जागा दाखवावी लागते, नंतर चालवायची जबाबदारी घ्यावी लागते. संकुलाला कुलूप लागतं ते या शेवटच्या टप्प्यावर. बांधणारा एक, चालवणारा दुसरा, आणि चालवणाऱ्याला पैसे कुणी द्यायचे हे कागदावर कुठंच नाही.

आता एक गोष्ट जी फार कमी लोकांना माहीत असते. शहरांसाठी घटनेच्या बाराव्या अनुसूचीत उद्यानं आणि क्रीडांगणं स्पष्ट लिहिलेली आहेत. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीतल्या २९ विषयांत मात्र खेळ नाही. सांस्कृतिक कार्यक्रम आहेत, वाचनालयं आहेत, खेळ नाही. पण आपल्या राज्याचा १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम त्याच्याही आधीचा आणि या बाबतीत उदार आहे. त्याच्या कलम ४५ खालच्या ग्रामसूचीत आखाडे आणि खेळ-करमणुकीच्या जागा काढणं व त्यांची देखभाल करणं हे ग्रामपंचायतीच्या कामांत धरलेलं आहे. शाळांना खेळाचं साहित्य व मैदान पुरवणंही आहे. तेव्हा 'हे आमचं काम नाही' असं सरपंचांनी सांगितलं तर ते खरं नाही.

मी गोळेश्वरच्या जवळचा. खाशाबा जाधवांचं गाव. १९५२ च्या हेलसिंकीला जायला त्यांच्यासाठी लोकांनी वर्गणी काढली होती. राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्या पैशावर आलं. आता १५ जानेवारी हा खाशाबांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो, ही चांगली गोष्ट झाली. महाराष्ट्राला दुसरं वैयक्तिक पदक मिळायला मात्र २०२४ उजाडलं, पॅरिसला कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेचं. मधल्या ७२ वर्षांत आपल्या भागात गुणी पोरं जन्मलीच नाहीत असं कुणी म्हणणार नाही.

लाल_माती

वकीलसाहेब, आखाडा कायद्यात हाय हे आज कळलं. लई आभार. ते कलम छापून तालमीच्या भिंतीला लावतो.

मी कुंडलच्या बाजूचा. तालीम चालवतो. आमच्याकडं कुस्तीला प्रेक्षक आणायची गरज कधीच पडली न्हाई. कुंडलचं मैदान ज्यानं बघितलंय त्याला सांगायला नको. कवठेपिरानच्या मारुती मान्यांनी १९६२ ला जकार्ताच्या आशियाई खेळांत सोनं आणलं ते ह्याच मातीतनं. जत्रंच्या मैदानाला गाव लाखाचं इनाम लावतंय. पण तेच गाव तालमीच्या हौदात नवी माती टाकायची म्हटलं की मागं सरतंय.

हौद राखणं म्हंजे काय ते लिहितो, बऱ्याच जणांना माहीत नसतंय. लाल माती चाळून घ्यायची, खडा राहता कामा नये. त्यात ताक, हळद, लिंबाचा रस, तेल, कापूर कालवायचा. रोज पहाटं पोरांनी खोऱ्यानं माती खणायची, मग जोर-बैठका, मग लढत. माती वाळली तर अंग सोलतंय, लई ओली झाली तर पाय धरत न्हाई. ह्याला खर्च हाय, आणि तो दरसाल हाय.

आता सरकार म्हणतंय मॅटवर या. बरोबर हाय, ऑलिंपिक मॅटवरच होतंय. मातीत निकाली कुस्ती अर्धा-पाऊण तास चालती, दम बघितला जातो. मॅटवर तीन-तीन मिनिटाच्या दोन फेऱ्या आणि गुण. पहिल्या दहा सेकंदात पट काढणारा, म्हंजे पाय धरून पाडणारा, पुढं जातो. दोन्ही शिकवायचं तर दोन्ही पायजे. आमच्या तालमीत मॅटचा अर्धाच तुकडा बसतोय, कारण पुरी मॅट १२ बाय १२ मीटर. शेड वाढवायला अर्ज केलाय. पोरं रोज लांबच्या शहरात मॅटवर जाऊ शकत न्हाईत, शाळा हाय, घरची जनावरं हायती.

माणगंगा दादानं माणूस द्या म्हटलंय ते शंभर टक्के खरं. आमच्यासारखी माणसं गावोगाव हायती. मानधन म्हणून काय नगं, पण खुराकाला तरी हातभार लागावा. दूध, बदाम, तूप ह्याचा खर्च गरीब घरच्या पैलवानाला सोसत न्हाई, म्हणून पोरगं सतराव्या वर्षी ऊसतोडीच्या गाडीवर जातंय.

मिरजेची_आई

माझी मुलगी वेटलिफ्टिंग करते, म्हणून लिहिते.

केंद्राची मदत खरंच मोठी आहे, ते नाकारत नाही. खेलो इंडियात निवड झालेल्या खेळाडूवर वर्षाला ६.२८ लाख रुपये खर्च होतात. त्यातले १.२० लाख, म्हणजे महिन्याला १०,००० रुपये, हातखर्चाला थेट खात्यात. राहणं, जेवण, प्रशिक्षण वेगळं. सांगलीच्याच काजोल सरगरनं, संकेतच्या बहिणीनं, हरियाणात झालेल्या खेलो इंडिया स्पर्धेत सुवर्ण घेतलं तेव्हा आमच्या व्यायामशाळेतल्या सगळ्या मुलींनी तो व्हिडिओ पुन्हापुन्हा बघितला होता.

पण ही मदत निवड झाल्यावर मिळते. त्याआधीची चार-पाच वर्षं सगळा भार घरावर. आणि नेमक्या त्याच वयात मुली खेळ सोडतात. बारा ते पंधरा. पाळी सुरू होते, मैदानाजवळ मुलींचं धड स्वच्छतागृह नसतं, कपडे बदलायला खोली नसते, संध्याकाळी उशीर झाला की नातेवाईक विचारतात 'हिला इतक्या उशिरापर्यंत कशाला पाठवता'. मी माझ्या मुलीबरोबर रोज जायचे, बाहेरच्या बाकावर बसून राहायचे. माझ्या शेजारी बसणाऱ्या दोघीजणींना शेतावरचं काम सोडून येणं जमेना, त्यांच्या मुली थांबल्या. त्यातली एक तर माझ्या मुलीपेक्षा जास्त वजन उचलत होती.

मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट झालं. ती योजना खेळासाठी काढलेली नव्हती, पण माझ्या मुलीचा सराव टिकला तो त्यामुळं. स्वच्छतागृह, दिवे, एसटीची वेळ आणि तिथं एखादी बाई प्रशिक्षक, एवढ्या चार गोष्टी झाल्या तर आमच्या भागात मुलींची संख्या दुप्पट होईल असं मला मनापासून वाटतं. क्रीडा खात्याच्या कागदात या चार गोष्टी एका ओळीत कधी येतच नाहीत, त्या चार वेगळ्या खात्यांत विखुरलेल्या असतात.

निवृत्त_पीटी_शिक्षक

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून गहिवरून आलं. पाळीच्या वयात मुली मैदान सोडतात हे मी नोकरीभर पाहिलं. आमच्या शाळेत एक बाई शिक्षिका खो-खोच्या सरावाला थांबायला लागल्या आणि संघ टिकला, एवढंच कारण होतं.

शाळेबद्दल लिहितो. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला खेळाचं मैदान हवं असं म्हटलंय, आणि सहावी ते आठवीच्या वर्गांत १०० पेक्षा जास्त मुलं असतील तर आरोग्य व शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक हवा. १०० पेक्षा कमी मुलांच्या शाळेत हा माणूस येतच नाही. आणि आपल्या पाटण, जावळी, शिराळा भागातल्या डोंगरी शाळा बघा, पटसंख्या वीस-पंचवीस. म्हणजे जिथली मुलं रोज डोंगर चढून शाळेत येतात, ज्यांचे पाय आणि छाती जन्मतः तयार आहेत, तिथंच खेळाचा शिक्षक नाही. नव्या नीतीत शिक्षणाशी सांगड घालायची भाषा आहे, तर पहिला बदल इथं करावा. चार-पाच छोट्या शाळांना मिळून एक क्रीडाशिक्षक, आठवड्याचा एकेक दिवस वाटून. सरकारला हे परवडणारं आहे.

दुसरं, पीटीचा तास. वेळापत्रकात असतो. दहावीच्या वर्गाला गणित मागं पडलं की पहिला बळी त्याचाच. पालकांची तक्रार कधी येत नाही. पालकसभेत गणिताचे पेपर विचारतात, मुलगा किती धावतो हे विचारत नाहीत. वाढीव गुण मिळतात म्हणून दहावी-बारावीला मुलं स्पर्धेचं प्रमाणपत्र शोधायला येतात, खेळायला येत नाहीत. गुणांची सवलत चांगलीच आहे, ती काढा असं म्हणणार नाही. पण खेळायची सवय पाचवीच्या आत लागते.

खो-खोचा पहिला विश्वचषक जानेवारी २०२५ ला दिल्लीत झाला, भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी जिंकला. सातारा-सांगलीतल्या जुन्या खो-खो मंडळांचे लोक त्या दिवशी एकमेकांना फोन करत होते. या खेळाला लागतं काय? दोन खांब आणि सपाट जमीन.

वाळव्याचा_पुण्यात

सगळ्यांचं म्हणणं आदरानं वाचलं. तरी मला वेगळं म्हणायचंय.

केंद्राच्या क्रीडा खात्याला २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात सुमारे ३,७९४ कोटी मिळाले, त्यातले १,००० कोटी खेलो इंडियाला. आकडा मोठा वाटतो. देशात अडीच लाखांच्या आसपास ग्रामपंचायती आहेत. खेलो इंडियाचा सगळाच्या सगळा पैसा त्यांच्यात वाटला तर एका गावाला ४०,००० रुपये येतात, वर्षाला. त्यात काय होणार? उलट तोच पैसा ठरावीक केंद्रांत, ठरावीक खेळांत घातला तर पदक येतं, आणि पदक आलं की खेळ वाढतो. स्मृती मानधना सांगलीत वाढली, २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत विश्वचषक हातात धरला. त्यानंतर मुलींसाठी क्रिकेट अकॅडमीची चौकशी करणारे किती पालक वाढले असतील याचा अंदाज करा. यश वरून खाली झिरपतं.

२०२५ ला बिहारमध्ये झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत महाराष्ट्र पहिला आला. १५८ पदकं, ५८ सुवर्ण. म्हणजे पद्धत चालते आहे. चालत्या गाड्याला खीळ घालू नका, एवढंच.

माणगंगा

दादा, तुम्ही हिशोब मांडलात ते फार बरं केलं, चर्चा हवेत राहत नाही. मी त्याच आकड्यावर बोलतो.

४०,००० वर्षाला म्हणजे महिन्याला ३,३०० च्या वर. निवृत्त फौजी, जुना कबड्डीपटू, तालमीतले वस्ताद, गावात असतातच. आपल्या साताऱ्यात तर सैन्यातून आलेला माणूस नाही असं गाव शोधावं लागेल. रोज दोन तासांसाठी एवढ्या मानधनावर येणारे निघतील, कारण पैशापेक्षा त्यांना गावानं नेमलंय हा मान हवा असतो. राज्यानं तेवढीच भर घातली तर आणखी बरं. तुम्हाला कमी वाटणारी ही रक्कम गावात पुरी पडते, अट एकच, ती बांधकामात जाता कामा नये.

आणि झिरपण्याबद्दल. स्मृतीमुळं मुली क्रिकेटकडं वळल्या हे खरंच आहे, मला त्याचा आनंद आहे. पण वळलेली मुलगी संध्याकाळी जाणार कुठं? सांगली शहरात अकॅडमी आहे, जतच्या मुलीला काय? युवा स्पर्धेत आपण पहिले येतो आणि ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक पदकं दोनच, यातला फरक मला असा दिसतो की मधल्या वयात पोरं गळतात. खेलो इंडियाचीच छोटी केंद्रं घ्या. देशभरात १,००० केंद्रांचं उद्दिष्ट होतं, प्रत्येकाला सुरुवातीला ५ लाख आणि मग दरवर्षी ५ लाख, त्यात माजी खेळाडूला प्रशिक्षक म्हणून मानधन. ही योजना मला फार आवडते, कारण यात माणसाला पैसे आहेत. पण ती जिल्ह्याला एखाद-दुसरी येते. साताऱ्यात ११ तालुके आहेत, सांगलीत १०. तालुक्याला एक झालं तरी चित्र पालटेल. मोठी केंद्रं बंद करा असं मी म्हणतच नाही.

वाळव्याचा_पुण्यात

तालुक्याला एक, हे मात्र पटण्यासारखं आहे. बांधकामाऐवजी मानधन, यालाही माझा विरोध नाही. माझी भीती एवढीच की गावपातळीवर नेमणूक झाली की सोयऱ्याधायऱ्यांची होते. निवडीचा निकष लेखी हवा. किमान जिल्हा पातळीवर खेळलेला, आणि सहा महिन्यांनी हजेरी तपासणारं कुणीतरी.

कृष्णाकाठ

मी सत्तरीतला माणूस, सांगलीचा. खेळ म्हटलं की सगळे पदकापर्यंत जातात, म्हणून आमच्या वयाची बाजू मांडतो. 'लोकचळवळ' म्हणायचं तर त्यात म्हातारे, गृहिणी, नोकरदार, लहान मुलं हे सगळे आले. २९ ऑगस्ट २०१९ ला फिट इंडिया चळवळ सुरू झाली, ध्यानचंदांच्या जयंतीला. तेव्हा आम्ही घाटावरच्या मित्रमंडळींनी शपथही घेतली. चालायला लागलो. पण चालायचं कुठं? रस्त्याच्या कडेला पार्किंग, फूटपाथवर टपऱ्या. उद्यानात ओपन जिमची यंत्रं बसवली, पहिलं वर्ष झकास गेलं. मग बेअरिंग गेली, पॅडल तुटली, आता पोरं त्यावर लोंबकळतात. दुरुस्तीचं कंत्राट कधी निघालंच नाही.

आमची नदी हीच आमची मोठी क्रीडा-सोय होती. लहानपणी कृष्णेत पोहायला शिकवणारी मंडळी होती. पाठीला रिकामा डबा बांधायचे, घाटाच्या पायऱ्यांवरून ढकलायचे, आणि आठवड्यात पोरगं पलीकडच्या तीराला जायचं. पावसाळ्यात होड्यांच्या शर्यती. आजही होतात, गर्दी लोटते. पण पोहायला आता कुणी पाठवत नाही, पाणी तसं राहिलं नाही. नदीचं सांडपाणी रोखणं हे खेळाच्या धोरणात यायला हवं असं मी म्हटलं तर लोकांना नवल वाटेल, पण सांगली-कराड-वाईच्या मुलांसाठी तो फुकटचा जलतरण तलाव आहे.

आणि महापूर. २०१९ आणि २०२१ ला नदीकाठची मैदानं पाण्याखाली गेली. पाणी उतरल्यावर वर गाळाचा जाड थर. तो वाळला की भेगा पडतात, धावताना पाय मुरगळतो. पूरग्रस्तांना घरासाठी, शेतीसाठी, दुकानासाठी मदत मिळाली, ती मिळायलाच हवी होती. मैदानासाठी मदतीचा रकाना नव्हता. कितीतरी महिने पोरं खेळली नाहीत, त्यातली काही परत आलीच नाहीत. पूरभागातल्या मैदानांना गाळ काढण्यासाठी वेगळी तरतूद, एवढं तरी राज्याच्या धोरणात यावं.

आटपाडीकर

सचिन खिलारींचं नाव वर आलं म्हणून लिहितो. माझा भाऊ एका हातानं अपंग आहे, भालाफेक करतो. पॅरालिंपिकमध्ये पदक आलं की सत्कार होतात, छान वाटतं. पण अपंग मुलांच्या आई-बापाला आपल्या मुलाला कुठल्या गटात खेळता येईल हेच माहीत नसतं. गट ठरवणारी वैद्यकीय तपासणी लांबच्या शहरांत, मोठ्या स्पर्धांच्या वेळी होते. जिल्हा रुग्णालयात अपंगत्वाचं प्रमाणपत्र देतानाच 'तुम्ही या या खेळात भाग घेऊ शकता' असा एक कागद हातात दिला तरी फार मोठं काम होईल. आम्हाला हे कळायला चार वर्षं लागली, तीसुद्धा दुसऱ्या खेळाडूच्या वडिलांकडून.

मिरजेची_आई

आटपाडीकर दादा, ही सूचना जिल्हा रुग्णालयाला लेखी द्या. मी सही करते. हे उद्यापासून होऊ शकतं, खर्च फक्त छपाईचा.

लाल_माती

एक इषय राहिला. संघटना. एकाच साली दोन-दोन महाराष्ट्र केसरी होत्यात. पैलवानानं कुठल्या गदेसाठी लढायचं? ज्यानं चुकीच्या बाजूची स्पर्धा खेळली त्याच्यावर बंदी. पोराचं वय निघून जातंय भांडणात. २०२३ च्या मार्चमध्ये आमच्या सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं गदा घेतली. तवा किती बाप आपल्या पोरींना तालमीत घालू का म्हणून इचारत आले. त्येंना मी कुठल्या संघटनेचं नाव सांगू?

कराडकर_वकील

वस्ताद, यावर केंद्रानं पाऊल उचललंय. राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेत मंजूर झाला. राष्ट्रीय क्रीडा मंडळ संघटनांना मान्यता देणार, आणि वाद सोडवायला राष्ट्रीय क्रीडा न्यायाधिकरण असेल. संघटनेच्या कार्यकारिणीत १५ पेक्षा जास्त माणसं नकोत, त्यात किमान ४ महिला आणि नामांकित खेळाडू हवेत. मुख्य रोख राष्ट्रीय महासंघांवर आहे, जिल्ह्यातल्या भांडणापर्यंत याचा उजेड यायला राज्यानं स्वतःचे नियम करावे लागतील. पण वर एकच मान्यताप्राप्त संघटना राहिली की खालचे दोन तंबू फार काळ टिकत नाहीत. खेळाडूंनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

नवी_सदस्य_खटाव

मी पहिल्यांदाच लिहितेय. आमच्या गावात महिला ग्रामपंचायत सदस्य आहे मी. तुम्ही सगळे म्हणता ते पटतं, पण ग्रामसभेत नेमकं काय मागायचं? नुसतं 'मैदान हवं' म्हटलं की ग्रामसेवक म्हणतात निधी नाही.

कराडकर_वकील

ताई, तुमच्यासाठीच सविस्तर लिहितो.

आधी जागा. गावच्या गायरानातली किंवा शाळेलगतची जागा खेळासाठी राखून ठेवायचा ठराव घ्या आणि त्याची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुन्यात (नोंदवहीत) करून घ्या. नोंद नसली की दहा वर्षांत तिथं गाळे उभे राहतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

मग सपाटीकरण. मनरेगाच्या कामांच्या यादीत क्रीडांगण होतं, आता काय स्थिती आहे ते गटविकास अधिकाऱ्यांना विचारा. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडं क्रीडांगण विकास आणि व्यायामशाळा विकास अशा दोन अनुदान योजना आहेत, जिल्हा नियोजनच्या पैशातून. अर्ज वेळेत गेला तर मिळतात.

वित्त आयोगाच्या पैशाबद्दल नीट समजून घ्या. पंधराव्या वित्त आयोगात (मार्च २०२६ पर्यंत) ग्रामपंचायतीच्या निधीतला ६० टक्के भाग पाणी-स्वच्छतेला बांधलेला होता, ४० टक्के अबंधित. अबंधित भागातून मैदानाचं कुंपण, दिवे, मुलींचं स्वच्छतागृह करता येत होतं. गाव विकास आराखड्यात ते काम आलं पाहिजे, त्याची तयारी २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. मात्र त्या पैशातून पगार देता येत नव्हता. म्हणजे माणगंगा म्हणतात तो माणूस इथं बसत नाही. त्यासाठी स्वनिधी, किंवा जवळच्या कारखान्याचा सामाजिक दायित्वाचा निधी. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत ग्रामीण खेळांचं प्रशिक्षण स्पष्ट लिहिलंय. प्रशिक्षण, हा शब्द अर्जात वापरा. सहकारी साखर कारखाना असेल तर हा कायदा त्याला लागू नाही, तिथं संचालकांकडं वेगळं जावं लागेल.

माणगंगा

वकीलसाहेब, हेच हवं होतं. माणसाचा पैसा वित्त आयोगाच्या निधीत बसत नाही हे तुम्ही एका ओळीत दाखवलंत. सोळाव्या वित्त आयोगाच्या काळात अबंधित निधीतून क्रीडा मार्गदर्शकाचं मानधन द्यायची मुभा मिळावी, अशी मागणी आपण दोन्ही जिल्ह्यांच्या खासदारांकडं पाठवूया. मसुदा मी टाकतो, तुम्ही कायद्याची भाषा तपासा. वाळवेकर दादांचा लेखी निकष त्यात घालतो, आणि मिरजेच्या ताईंच्या चार गोष्टीही.

नवी_सदस्य_खटाव

खूप आभार. शाळेच्या मागं आमची १० गुंठे जागा आहे, साधारण चौकोनी, थोडा उतार आहे. एवढ्यात काय बसेल? मुली खो-खो मागतायत, मुलगे व्हॉलीबॉल.

निवृत्त_पीटी_शिक्षक

१० गुंठे म्हणजे हजार चौरस मीटरच्या आसपास. चौकोनी असेल तर साधारण ३१-३२ मीटरची बाजू. खो-खोचं मैदान २७ बाय १६ मीटर, भोवती दीड मीटर मोकळं सोडा, ते एका कडेला लांबीनं बसतं. उरलेल्या पट्ट्यात कबड्डीचं १३ बाय १० लांबीनं आखा. व्हॉलीबॉलला १८ बाय ९ लागतं, ते त्याच पट्ट्यात कबड्डीवर आलटून पालटून घ्या, जाळीचे खांब काढता येतील असे पुरा. उताराची बाजू कुठली ते बघून आधी त्या अंगाला चर काढा, नाहीतर पहिल्या पावसात माती वाहून जाईल. मुरूम टाकताना खडी येऊ देऊ नका, वर चाळलेली माती. मुली अनवाणी बसतात-उठतात, गुडघे फुटतात.

जागेचा फोटो आणि उताराची दिशा व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी आखणीचा कागद काढून पाठवतो. चुना टाकायच्या दिवशी बोलवा, वडूजपर्यंत एसटीनं येईन.